पडद्यावरची अक्षरे आणि मुलांचे डोळे: प्राथमिक वर्गात वाचन-लेखनासाठी डिजिटल साधने कशी वापरावीत

पहिलीच्या वर्गाला मी पहिल्यांदा पडद्यावर गोष्ट दाखवली, तेव्हा तास फार चांगला झाला असे मला वाटले होते. गोष्टीतले अस्वल झाडावर चढत होते, मधमाश्या गुणगुणत होत्या, निवेदकाचा आवाज गोड होता आणि सगळा वर्ग एक शब्द न बोलता बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीतली चार वाक्ये मी फळ्यावर लिहिली आणि मुलांना वाचायला सांगितले. अस्वल कसे घसरले, मध कसा चाटला, हे सगळ्यांनी हावभावांसकट सांगितले. परंतु ‘अस्वल’ हा शब्द फळ्यावर नेमका कुठे आहे, हे ज्यांना आधीपासून वाचता येत होते त्यांनाच दाखवता आले. संपूर्ण गोष्टभर पडद्याच्या तळाशी ठळक अक्षरांत मजकूर सरकत होता आणि तो जवळजवळ कोणीच पाहिला नव्हता.

यात मुलांचा दोष नव्हता. २००५ साली मेरी ॲन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी, मोठे माणूस गोष्ट वाचून दाखवत असताना लहान मुले पुस्तकात कुठे बघतात, हे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राने तपासले होते. वाचता न येणारी मुले जवळजवळ सगळा वेळ चित्रांकडेच बघतात आणि मजकुराकडे त्यांची नजर क्वचितच जाते, असे त्यांना आढळले. छापील पुस्तकातील स्थिर चित्रांपुढे ही अवस्था असेल, तर हलणाऱ्या, बोलणाऱ्या चित्रांपुढे अक्षरांचा निभाव लागणे कठीणच आहे. म्हणून साक्षरतेसाठी कोणतेही डिजिटल साधन हाती घेताना मी आधी एवढेच पाहते की, या दहा मिनिटांत मुलांचे डोळे अक्षरांवर किती वेळ राहतील, त्यांच्या तोंडून किती शब्द बाहेर पडतील आणि त्यांचा हात काय करत असेल. या तीन प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ते साधन कितीही आकर्षक असले तरी वाचनाच्या तासाला मी वापरत नाही.

आधी गरज, मग साधन

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाविषयी एक साधी मांडणी केली. लिहिलेले ओळखून उच्चारता येणे आणि ऐकलेली भाषा समजणे, या दोन क्षमतांचा गुणाकार म्हणजे समजून वाचणे, असे त्यांनी म्हटले. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. वर्गातल्या मुलांकडे या नजरेने पाहिले, की कोणाला काय हवे आहे हे लवकर दिसू लागते. अक्षरे जुळवून घडाघडा वाचणारा, पण वाचून झाल्यावर काय वाचले ते सांगू न शकणारा मुलगा आणि गोष्ट ऐकून तिच्यावर तासभर बोलणारी, पण ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये अडकणारी मुलगी, या दोघांना एकाच ॲपवर बसवणे म्हणजे दोघांचाही वेळ घालवणे होय.

पहिल्याला ऐकण्याची आणि बोलण्याची सामग्री हवी असते. ध्वनिमुद्रित गोष्टी, छोटे माहितीपट, चित्रांची मालिका दाखवून केलेला संवाद यांतून त्याचा शब्दसाठा वाढतो. त्या वेळी पडद्यावर अक्षरे नसली तरी चालते. दुसरीला मात्र मोठ्या आकारातली, स्थिर आणि मोजकी अक्षरे हवी असतात व त्या वेळी चित्रे जितकी कमी तितके बरे. मराठीत हे काम थोडे नसते. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेहून अधिक रूपे होतात आणि जोडाक्षरे त्याखेरीज असतात. एवढी रूपे पहिल्या वर्षातच पक्की होतील अशी अपेक्षा ठेवू नये. तिसरीतल्या मुलाला ‘क्त’ किंवा ‘द्ध’ अडत असेल, तर त्याला पुन्हा पहिलीच्या खेळात न पाठवता त्याच्या वयाच्या मजकुरातूनच ती जोडाक्षरे वारंवार भेटतील, अशी योजना करावी.

पुस्तक निवडताना

डिजिटल पुस्तके भरपूर आहेत. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली, वाचनपातळीनुसार लावलेली चित्रपुस्तके विनामूल्य मिळतात. मुक्त परवान्यामुळे ती उतरवून घेता येतात, छापता येतात आणि त्यांचे रूपांतरही करता येते. प्रश्न आहे तो निवडीचा. मे इरेने फुरेनेस, नतालिया कुचिर्कोवा आणि अद्रियाना बुस यांनी २०२१ साली आठ वर्षांपर्यंतच्या मुलांवरील ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. छापील पुस्तकच नुसते पडद्यावर आणले, तर मुलांना गोष्ट छापील पुस्तकातून अधिक चांगली समजते. पण डिजिटल पुस्तकातील हालचाल आणि ध्वनी गोष्टीच्या आशयाला धरून असतील, तर ते छापील पुस्तकापेक्षा सरस ठरू शकते, असे त्या आढाव्यात दिसले.

निवडीची कसोटी यातूनच मिळते. ‘वारा सुटला आणि पतंग उडाला’ या वाक्यासोबत पतंग उडताना दिसला, तर चित्र वाक्याचा अर्थ सांगते. त्याच पानाच्या कोपऱ्यातल्या मांजरावर बोट ठेवल्यावर ते नाचू लागले, तर मूल पतंग, वारा आणि वाक्य तिन्ही विसरते आणि मांजराला आणखी पाच वेळा नाचवते. अशी पुस्तके मी बाजूला ठेवते. पान आपोआप उलटणारी पुस्तकेही वर्जच आहेत, कारण अडखळणाऱ्या वाचकाला थांबण्याचा अधिकार तेथे उरत नाही.

मजकूर कोणत्या वळणात दिसतो, हेही वर्गात जाण्यापूर्वी पाहावे. वरवर ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु नवशिक्या वाचकाच्या दृष्टीने ती मोठी असते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाच्या याच अक्षरांपेक्षा वेगळे दिसतात. मूल पाठ्यपुस्तकात एक रूप पाहते आणि पडद्यावर दुसरे. मग ‘हे कोणते अक्षर?’ हा त्याचा प्रश्न अगदी रास्त असतो. अनेक फॉन्टमध्ये मराठी रूपे अंतर्भूत असतात, फक्त मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडलेली नसल्यामुळे ती दिसत नाहीत. काही फॉन्टमध्ये ‘ख’ हा ‘रव’ सारखा दिसतो आणि ‘खडा’ वाचताना मूल ‘रवडा’ म्हणते. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला अर्धा र नीट दिसतो का, की त्याजागी रफार येतो, हे तपासावे. पडदा लावल्यावर स्वतः शेवटच्या रांगेत, मुलाच्या उंचीवर बसून पाहावे. तेथून ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक कळत नसेल, तर अक्षरांचा आकार दीडपट करून एका पानावरच्या ओळी कमी कराव्यात.

एका पानाचा तास

पडद्यावर सामूहिक वाचन घेण्यासाठी मी एका वेळी एकच पान घेते आणि त्यावर सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर ठेवत नाही. सुरुवातीला केवळ चित्र दाखवून गप्पा होतात. चित्राची ओढ एकदा भागली, की अक्षरांकडे वळणे सोपे जाते. त्यानंतर चित्र झाकून फक्त मजकूर उरतो. ध्वनी बंदच असतो. पहिल्या वाचनात मी प्रत्येक शब्दाखाली काठी फिरवत वाचते आणि मुले बघतात. दुसऱ्या वाचनात मी एक वाक्य वाचते आणि मुले माझ्यामागून तेच वाचतात. तिसऱ्यात सगळे एकत्र वाचतात आणि मी हळूहळू माझा आवाज कमी करत नेते. निवेदकाचा ध्वनिमुद्रित आवाज हे शेवटचे काम करू शकत नाही. वर्ग कुठे चाचपडतो आहे ते त्याला कळत नाही आणि तो मुलांसाठी थांबतही नाही.

समजा, पडद्यावर ‘मनीने हळूच मडक्यात डोकावले’ हे वाक्य आहे आणि ‘मडक्यात’ या शब्दाशी वर्गाचा आवाज विस्कटतो. अशा वेळी पुढे रेटू नये. तो एकच शब्द मोठा करावा, ‘म’, ‘ड’, ‘क्या’, ‘त’ असे तुकडे वेगळ्या रंगांत दाखवावेत, ‘क्या’ झाकून ‘का’ ठेवावा आणि विचारावे, ‘आता काय झाले?’ ‘मडकात’ असा शब्दच नाही, हे मुलेच सांगतात आणि ‘क’ ला ‘य’ जोडल्याने काय घडले, ते त्यांच्या कानाला कळते. मग ‘डब्यात’, ‘खोक्यात’, ‘तळ्यात’ असे त्याच घडणीचे तीन-चार शब्द लगेच त्या जागी टाकता येतात. फळ्यावर हे करताना पुसणे आणि लिहिणे यातच लय तुटते; पडद्यावर ते क्षणात होते. माझ्या मते प्रोजेक्टरचा वाचनासाठी सर्वांत मोलाचा उपयोग हाच आहे. यासाठी कोणतेही विशेष सॉफ्टवेअर लागत नाही, सादरीकरणाचा साधा कार्यक्रम पुरतो.

तासाच्या शेवटी तेच पान छापून किंवा हाताने लिहून प्रत्येक जोडीला द्यावे. पडद्यावर वाचलेला मजकूर कागदावर आल्यावर कोणाला बोट ठेवून स्वतः वाचता येतो आणि कोण पाठ झालेले म्हणत आहे, ते तेथे उघड होते. शंका आली, की मधलाच एखादा शब्द दाखवून विचारावे.

गाणी, कविता आणि उपशीर्षके

ज्या भाषेत गाणे आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर दाखवण्याची कल्पना १९९६ साली अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी मांडली. अर्धवट साक्षर प्रेक्षकांचे वाचन सहज, नकळत सुधारावे, हा तिचा हेतू होता. गाण्याचे शब्द आधीच तोंडात असतात, पुढचा शब्द कोणता येणार हे माहीत असते आणि तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकले तरी कंटाळा येत नाही. त्यामुळे कान आणि डोळा यांची जोडी आपोआप जुळते. वर्गात याचा उपयोग करताना मुलांना पाठ असलेल्या कवितेपासून सुरुवात करावी. मुलांच्याच आवाजात कविता मुद्रित करावी, एका पानावर एकच ओळ ठेवावी आणि जो शब्द ऐकू येतो आहे त्याचा रंग त्याच क्षणी बदलेल असे पाहावे.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतात. उपशीर्षकातला शब्द आणि कानावर पडणारा शब्द अक्षरशः एक असला पाहिजे. गायक ‘आलंय’ म्हणत असताना खाली ‘आले आहे’ लिहिलेले असेल, तर नवशिक्या वाचकाचा गोंधळ होतो. आपोआप तयार होणारी उपशीर्षके तर तपासल्याशिवाय कधीच दाखवू नयेत. आणि सात-आठ वेळा ऐकून झाल्यावर एकदा आवाज पूर्ण बंद करून केवळ सरकते शब्द दाखवावेत. ज्यांचा सूर त्या वेळीही शब्दांबरोबर चालतो, ती मुले वाचत आहेत. ज्यांचा सूर पुढे किंवा मागे पडतो, त्यांच्याजवळ जाऊन बसावे.

ध्वनिमुद्रण: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित साधन

वर्गात एकच साधा फोन असेल आणि इंटरनेट अजिबात नसेल, तरीही त्यातला ध्वनिमुद्रक वाचनासाठी फार मोठे काम करतो. एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ साली पुनर्वाचनाची पद्धत मांडली. ५० ते २०० शब्दांचा छोटा उतारा मुलाने ठरावीक सफाई येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचा आणि मग पुढचा उतारा घ्यायचा, असे तिचे स्वरूप आहे. अक्षरे ओळखण्यात सगळी शक्ती खर्च होणाऱ्या मुलाकडे अर्थासाठी काही उरत नाही. ओळखणे सहज झाले, की लक्ष अर्थाकडे वळते. पुनर्वाचनाची अडचण एवढीच, की ‘तेच पुन्हा वाच’ हे मुलाला शिक्षेसारखे वाटते. स्वतःचा आवाज ऐकायला मिळणार असेल, तर मूल आपण होऊन पुन्हा वाचते.

मी चार-चार मुलांचे गट करते. एक मूल वाचते, दुसरे फोन धरते, तिसरे कागदावर बोट फिरवत ऐकते आणि चौथे अडलेले शब्द टिपून ठेवते; मग पाळ्या बदलतात. एका मुलाचे मुद्रण साधारण एका मिनिटाचे असते. पहिले मुद्रण झाले, की ते मूल उतारा समोर ठेवून स्वतःचा आवाज ऐकते. मी चूक सांगत नाही, आधी त्यालाच विचारते.

दुसरीतल्या एका मुलीचा प्रसंग मला नेहमी आठवतो. उताऱ्यात ‘पाण्यावर होडी डुलत होती’ असे वाक्य होते आणि तिने ते ‘पानावर होडी डुलत होती’ असे वाचले. वाचताना तिला काहीच खटकले नाही, कारण तिची सगळी ताकद अक्षरे जुळवण्यात गेली होती. मुद्रण ऐकताना त्या शब्दाशी तिचा चेहरा बदलला. तिने फोन थांबवला, उताऱ्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, ‘बाई, पानावर होडी कशी राहील?’ मग स्वतःच ‘पा’ आणि ‘ण्या’ वेगळे म्हणून पाहिले. ‘न’ चा ‘ण’ कर आणि त्याला ‘य’ जोड, असे मी दहा वेळा सांगून जे झाले नसते, ते तिच्या स्वतःच्या कानाने केले. वाचलेले अर्थाशी ताडून पाहण्याची सवय पुढे तिला प्रत्येक पानावर उपयोगी पडली.

मुद्रणे जपून ठेवावीत. फाईलला मुलाचा हजेरी क्रमांक आणि तारीख द्यावी, म्हणजे शोधणे सोपे जाते. सोमवारचे आणि शुक्रवारचे वाचन लागोपाठ ऐकवले, की प्रगती मुलाला स्वतः ऐकू येते. पालकांना वाचता येत नसले, तरी मुलाचे वाचन ऐकता येते. म्हणून पालकभेटीत गुणपत्रिकेआधी ही दोन मुद्रणे ऐकवावीत. मात्र एका मुलाचे अडखळते वाचन त्याच्या परवानगीविना वर्गासमोर कधीही वाजवू नये आणि पालकांच्या सामाईक गटावर तर मुळीच टाकू नये. चुकण्याची भीती बसलेले मूल आवाज इतका खाली आणते, की फोनलाही तो ऐकू येत नाही.

यंत्राच्या आवाजाविषयी एक सूचना येथेच करते. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयी दृष्टिदोष असलेल्या मुलांसाठी वरदान आहेत आणि त्या मुलांना त्या अवश्य द्याव्यात. परंतु उच्चार शिकवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. मराठीत ‘चाक’ मधला च आणि ‘चिमणी’ मधला च वेगळा आहे. ‘हे जग मोठे आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ या दोन वाक्यांत ‘जग’ एकसारखे लिहूनही वेगळे उच्चारले जाते. हा भेद अर्थावरून कळतो आणि यंत्र तेथे चुकू शकते. हिंदी आवाज निवडला गेला असेल, तर ‘ज्ञान’ चे ‘ग्यान’ होते. वर्गात लावण्यापूर्वी पूर्ण मजकूर एकदा स्वतः ऐकावा.

लिहिणे: आधी हात, मग कळा

कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली, अजून वाचू न लागलेल्या पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. मुलांनी काही अक्षरे स्वतः हाताने काढली, काही गिरवली आणि काही कळ दाबून उमटवली. नंतर ती अक्षरे पाहताना, वाचनाशी संबंधित मेंदूचे भाग स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी अधिक सक्रिय झालेले दिसले. म्हणून पहिली-दुसरीत बोटाने पडद्यावर ठिपके जोडून अक्षर ‘पूर्ण’ करणारी ॲप मला पुरेशी वाटत नाहीत. वाळू, पाटी, कागद यांवर मुलाने स्वतः अक्षर घडवले पाहिजे. अक्षराचे वळण कसे घ्यायचे, हे हळू गतीने दाखवणारी चित्रफीत मात्र उपयोगी पडते, कारण शिक्षकाच्या पाठीआड लपणारा हात तेथे स्पष्ट दिसतो.

देवनागरी टंकलेखन तिसरी-चौथीत आणावे आणि आणताना एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवावी. ‘कि’ लिहिताना आपला हात आधी वेलांटी काढतो आणि मग ‘क’; कीबोर्डवर मात्र आधी ‘क’ आणि मग वेलांटी येते. ‘सूर्य’ लिहिताना रफार सर्वांत शेवटी डोक्यावर येतो. कीबोर्डवर ‘र’ आधी, मग त्याचा पाय मोडणे आणि नंतर ‘य’. कारण कीबोर्डचा क्रम दिसण्याचा नसून उच्चाराचा असतो. पहिलीत हे दाखवले तर गोंधळ होतो. चौथीत दाखवले, तर र्‍हस्वदीर्घ आणि रफार यांविषयीची समज पक्की होते, कारण शब्द टंकित करण्यासाठी तो आधी कानाने सुटा करावा लागतो. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड या कामासाठी निवडू नये. तेथे मूल ‘क’ शोधण्याऐवजी रोमन ‘K’ शोधत बसते आणि पर्यायांच्या यादीतून तयार शब्द उचलते.

बोलून लिहिण्याच्या सोयीचा मी उलटा उपयोग करते. मूल एक वाक्य बोलते, फोन ते उमटवतो आणि मुलाने त्यातल्या चुका शोधायच्या असतात. विरामचिन्हे बहुधा नसतात, विशेषनामे बिघडलेली असतात, कधी एका शब्दाचे दोन झालेले असतात. यंत्राच्या चुका दुरुस्त करताना मुले जितकी कसून वाचतात, तितकी स्वतःच्या वहीतल्या चुका शोधतानाही वाचत नाहीत.

याच टप्प्यावर वर्गाचे स्वतःचे डिजिटल पुस्तक सुरू करता येते. प्रत्येक मुलाने एक चित्र काढायचे, त्याखाली दोन वाक्ये हाताने लिहायची, गटात वाचून सुधारायची, मग चित्राचा फोटो काढून वाक्ये टंकित करायची आणि आपल्या आवाजात मुद्रित करायची. असे तीस पानांचे पुस्तक वर्षअखेरीस खालच्या वर्गाला भेट द्यावे. आपले वाक्य कोणीतरी खरोखर वाचणार आहे हे कळले, की ‘पुन्हा लिही’ म्हणावे लागत नाही.

अक्षरखेळांची पारख

खेळ म्हणून मिळणाऱ्या ॲपविषयी थोडक्यात सांगते. ॲप मुलांना देण्यापूर्वी स्वतः दहा मिनिटे मुद्दाम चुकीची उत्तरे देत खेळून पाहावे. तीन पर्यायांपैकी कोणताही दाबत गेल्यावर शेवटी तोच तारा मिळत असेल, तर मूलही तेच करणार. चूक झाल्यावर योग्य अक्षर आणि त्याचा ध्वनी पुन्हा समोर आणणारे, आणि त्या मुलाला अडलेली अक्षरे काही वेळाने परत विचारणारे ॲप ठेवावे. जाहिराती असणारे, मुलाचे नाव-गाव विचारणारे किंवा कारण नसताना संपर्कयादी मागणारे ॲप त्याच क्षणी काढून टाकावे.

मोठ्या वर्गांतील माहितीपर वाचन

चौथी-पाचवीत मुले माहिती शोधण्यासाठी पडद्यावर वाचू लागतात आणि तेथे वेगळीच काळजी घ्यावी लागते. पाब्लो डेल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ५४ अभ्यास आणि १,७०,००० हून अधिक वाचक यांचा आढावा घेतला. त्यात कागदावरच्या वाचनाचे आकलन पडद्यावरच्या वाचनापेक्षा सरस ठरले. फरक माहितीपर मजकुरात आणि वेळेचे बंधन असताना ठळक होता, केवळ कथात्मक मजकुरात तो दिसला नाही. म्हणून लांब माहितीपर उतारा असेल, तर तो कागदावरच द्यावा. पडद्यावर द्यावाच लागला, तर त्याचे छोटे भाग पाडावेत आणि प्रत्येक भागानंतर पडदा झाकून, काय वाचले त्याचे एक वाक्य वहीत लिहायला लावावे. त्यामुळे सरकवत जाणारे बोट थांबते.

तासाची आखणी

एवढे सगळे एका तासात कोंबू नये. पडद्यावरचे काम एका वेळी दहा-पंधरा मिनिटांचे असावे आणि त्यानंतर लगेच कागदावरचे काम यावे. साधन एकच असेल, तर वर्गाचे चार गट करून एक गट साधनावर, एक शिक्षकाजवळ, एक पुस्तकांवर आणि एक लेखनावर ठेवावा; साधनावरच्या गटाला काय करायचे आहे, ते आदल्या दिवशी सगळ्या वर्गासमोर करून दाखवलेले असावे, नाहीतर शिक्षकाचा सगळा वेळ ‘बाई, हे बंद पडलं’ यातच जातो. सामग्री आधीच उतरवून ठेवावी. वीज गेली तर त्याच पानाची हाताने लिहिलेली प्रत कपाटात असावी. ऐकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी चित्रफितींवर लेखी शब्द असणे आवश्यक आहे, आणि अशा मुलांना पडद्याच्या अगदी बाजूला न बसवता शिक्षकाचे तोंड आणि पडदा दोन्ही दिसतील असे बसवावे.

उपयोग होतो आहे की नाही, हे ॲपमधल्या ताऱ्यांवरून ठरवू नये. दर पाचव्या आठवड्याला मुलाने पूर्वी कधीही न पाहिलेला, त्याच्या पातळीचा छोटा उतारा साध्या कागदावर द्यावा. चित्र नाही, आवाज नाही, रंग बदलणारे शब्द नाहीत. एक मिनिट वाचू द्यावे, मग दोन प्रश्न विचारावेत आणि अडलेले शब्द मुलाच्या पानावर तारखेसह लिहून ठेवावेत. मागच्या वेळी अडलेले शब्द आता सुटले असतील, तर चालू ठेवलेली पद्धत पुढे न्यावी. तेच शब्द पुन्हा अडत असतील, तर त्या मुलाचा साधनावरचा वेळ काही आठवडे थांबवून तो शिक्षकाजवळच्या गटात वाढवावा आणि पडद्यावरचे पुढचे पान त्या अडलेल्या शब्दांनीच बनवावे.